चर्चा : ठाणे जिल्ह्यातील मातीतले जीव शेतीने संपवले की शहराने?

बांधावरून (ठाणे; शेती मुरबाड तालुक्यात)
माझे मत असे आहे की उरलेल्या शेतजमिनीतील जीवांची हानी आपण भातशेतकऱ्यांनीच केली आहे आणि तिचे खापर घोडबंदर रस्त्यावरील टॉवरांवर फोडता येणार नाही. चिखलणीत, म्हणजे लावणीआधी पाणी भरलेल्या खाचराचा चिखल करताना, मातीची घडण मोडते, खाली कठीण थर बसतो, गांडुळांची बिळे आणि जुन्या मुळांच्या पोकळ्या बुजतात. पॉवर टिलर आल्यापासून हे काम अधिक बारीक आणि अधिक वेळा होऊ लागले. त्यात थिमेट म्हणून ओळखले जाणारे फोरेट हे कीटकनाशक आपण वर्षानुवर्षे मुठीने फेकले. २०२० च्या अखेरीस त्यावर बंदी आली, पण तोवर ते पुष्कळ वापरून झाले होते. कोकणची जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी आहे आणि सततच्या युरियाने ती आणखी आम्ल होते, जे बहुतेक गांडुळांना मानवत नाही. पहिल्या पावसानंतर बाहेर येणारा मखमली लाल मृगाचा किडा, जो वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतो, आमच्या खाचरात यंदा मला एकही दिसला नाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे एकदाच करतात, पुढे नांगरणी, चिखलणी, लावणी काहीच नाही, आणि कापलेल्या भाताची मुळे जमिनीतच कुजू देतात. आपण तिकडे वळलेच पाहिजे.

घणसोली गावठाण
दादा, आपल्या कळकळीचा आदर आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. आमच्या आजोबांनी जन्मभर चिखलणीच केली, तरी बांधात मुठे (शेतातले खेकडे) होते आणि नांगराच्या मागे बगळे चालत होते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या आणि आमच्या खाचरांवर मुरुमाचा भराव पडून रोलर फिरला. चुकीची शेती झालेली जमीन काही वर्षांत सावरू शकते. काँक्रीटखाली गेलेल्या मातीला ना हवा मिळते, ना पाणी, ना पालापाचोळा. जगातील सुमारे ५९ टक्के प्रजाती आयुष्यात कधी ना कधी मातीच्या आश्रयाने जगतात, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्या हिशेबात एक वसाहत म्हणजे केवढे नुकसान, याचा विचार व्हावा. दोष द्यायचाच तर आधी तिथे द्या.

कोपरखैरणे, प्राणिशास्त्राची शिक्षिका
दोघांशीही माझा काही अंशी मतभेद आहे. चिखलणीचे खाचर निर्जीव नसते. त्या पाण्यात गोगलगायी, खेकडे आणि पाण्यातले बारीक कृमी असतात. पाणी आटल्यावर गांडुळे आणि इतर जीव परततात ते मुख्यतः बांधावरून. म्हणून बांध हेच त्यांचे माहेर आहे, आणि अलीकडे गवत कापायला मजूर मिळत नाहीत म्हणून नेमके तिथेच तणनाशक मारले जाते. खोल उभी बिळे करून वर्षानुवर्षे त्यांतच राहणाऱ्या गांडुळांना नांगरणीचा फटका सर्वाधिक बसतो, हे ‘बांधावरून’ यांच्या म्हणण्याला धरूनच आहे. मात्र त्यांनी सुचवलेल्या बिननांगरणीच्या पद्धतीत तण मारायला रसायनच लागते, हे त्यांनी सांगितले नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले ते उगाच नव्हे. आणि सोसायटीच्या बागेत गांडूळखताचे पोते आणून कोणी समाधान मानू नये, कारण त्यासाठी पाळली जाणारी गांडुळे बहुधा परदेशी जातीची असतात, कुजत्या कचऱ्यात वाढतात आणि जमीन खोलवर पोखरत नाहीत.

बांधावरून
ताई, बांधाचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. आम्हीही तीन वर्षे बांधावर फवारणी केली, ती या हंगामापासून बंद करतो. तणनाशकाची अडचणही खरी आहे. तरी दरवर्षी जमीन ढवळण्यापेक्षा, फवारणी कमी करत हाताने बेणणी (तण काढणे) वाढवणे मला कमी हानीचे वाटते. घणसोलीच्या दादांना मात्र एवढेच विचारतो : गेलेली जमीन आपल्या हाती नाही; हाती आहे तिचे काय करायचे?

घणसोली गावठाण
ती हाती राहील हे गृहीत धरून आपण बोलत आहात. मुरबाड-शहापूरकडे फार्महाऊसचे प्लॉट पाडले जात आहेत. आपल्या शेजारी एनएचा (बिगरशेती जमिनीचा) फलक लागला आहे का, ते प्रामाणिकपणे सांगा.

बांधावरून
लागला आहे. उत्तरेकडच्या दोन्ही शेतांत लागला आहे, आणि त्यांतील एकाचा मुरुमाचा भराव आमच्या सामाईक बांधाला येऊन टेकला आहे.