घरच्या न्याहारीचे वॉफल : तुमचे अनुभव लिहा

आमच्या माटुंग्याच्या घरात रविवारच्या न्याहारीला पोहे किंवा उपमा ठरलेला असे. दोन वर्षांपासून त्यांच्या जोडीला वॉफल आले आहेत. बाहेरचा वॉफल चॉकलेटात इतका बुडालेला असतो की तो मुळात कसा लागतो हे कळतच नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. मी दीड वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर, दीड वाटी दूध, अर्धी वाटी वितळलेले लोणी आणि दोन अंड्यांचे पिवळे एकत्र कालवते व पांढरे वेगळे फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळते. आपापले अनुभव, विशेषतः कुरकुरीतपणा कसा साधला ते, सविस्तर लिहावेत ही विनंती.

गिरगावहून
माझे पहिले तीन वॉफल मधोमध फाटले. अर्धा भाग वरच्या साच्याला आणि अर्धा खालच्याला चिकटून राहिला. दर मिनिटाला झाकण उघडून पाहण्याची घाई, एवढेच कारण होते. साच्याच्या कडेने निघणारी वाफ सुरुवातीला भरभरून येते, मग विरळ होते, आणि ती जवळजवळ थांबली की पिठातले पाणी पुरेसे आटलेले असते व वॉफल आपणहून सुटतो. आता मी घड्याळ न पाहता वाफ पाहतो.

बोरिवलीहून
वाफेची खूण अगदी बरोबर आहे, दादा. पण मुंबईच्या पावसाळ्यात खरी अडचण वॉफल बाहेर काढल्यावर सुरू होते. ताटलीत एकावर एक रचले, तर स्वतःच्याच वाफेने खालची बाजू पाच मिनिटांत ओलसर होते. मी ते तारेच्या जाळीवर सुटे ठेवते. शिवाय लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, म्हणून त्याऐवजी मी साजूक तूप वापरू लागले. कडा अधिक खुसखुशीत झाल्या आणि वासाने मुले न उठवता उठली.

पार्ल्याहून
सासूबाई अंडे खात नाहीत, म्हणून मी आंबट ताक आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घेते. सोडा अगदी शेवटी घालून पीठ लगेच साच्यात ओतावे, नाहीतर फुगवटा भांड्यातच संपतो. वरून काकवी.

मुलुंडहून
थोडे वेगळे लिहिते. एकादशीला मी साबुदाणा वड्याचेच मिश्रण, म्हणजे भिजलेला साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचे कूट, मिरची आणि जिरे, तूप लावलेल्या साच्यात दाबून बसवते. साबुदाणा नीट निथळलेला नसेल तर तो साच्याला गोंदासारखा धरतो, हे एकदा अनुभवले आहे. नीट जमला की प्रत्येक चौकोनाची भिंत सोनेरी होते, आत दाणा मऊ राहतो आणि खळग्यांत दही छान साठते. तळणीचे तेल वाचते, याचाही मला आनंद आहे.

दादरहून
बेल्जियममधल्या लिएज शहराच्या पद्धतीचा वॉफल यीस्टने फुगवलेल्या घट्ट कणकेचा असतो आणि त्यात जाड साखरेचे खडे मळतात, जे भाजताना बाहेरून वितळून खमंग होतात. मी खडीसाखर जाडसर कुटून घातली. चव उत्तम आली, पण साखर साच्याला चिकटली. यंत्र बंद करून साचा कोमट असतानाच ओल्या सुती फडक्याने पुसला की ती निघते. चमच्याने खरवडू नये, माझ्या साच्याचा लेप तसाच गेला.