शब्दचर्चा : ‘रेफरन्स’ धरायचा, घ्यायचा की नुसता मोजायचा?

मूळ धागा

क्यूईएमयूच्या डिव्हाइस-कोडवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी मराठीत एक टिपण लिहिते आहे. ऑब्जेक्ट कधी जन्मतो, कोणामुळे जगतो आणि कधी मरतो, एवढाच विषय. पण शब्दांपाशी गाडी अडली आहे.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्यूईएमयू हा फाब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेला एम्युलेटर, म्हणजे एका संगणकात दुसऱ्या संगणकाची नक्कल चालवणारा प्रोग्राम. नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर, सीरियल पोर्ट, यंत्रातली अशी प्रत्येक वस्तू त्यात एक ऑब्जेक्ट असते. भाषा सी, त्यामुळे नको असलेली मेमरी आपोआप परत जात नाही. अजून किती जणांना हा ऑब्जेक्ट हवा आहे, तो आकडा त्याच्याच पोटात असतो. ऑब्जेक्ट_रेफ केलं की तो एकाने वाढतो, ऑब्जेक्ट_अनरेफ केलं की एकाने उतरतो आणि शून्यावर आला की खेळ खलास. चालू यंत्रात कार्डं घालता-काढता येतात, म्हणून हा हिशेब चुकला की एकतर मेमरी गळते, नाहीतर एम्युलेटर कोसळतो.

‘रेफरन्स’ला कोशातला ‘संदर्भ’ घेऊन ‘संदर्भगणना’ असं लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं, प्रबंधाच्या शेवटी किती ग्रंथांची नावं दिलीत ते मोजायचंय! ‘ओनर’ आणि ‘पेरेंट’ या दोघांना मी ‘मालक’ लिहून मोकळी झाले होते, पण तेही खटकतंय. फायनलाइज (ऑब्जेक्ट संपवणं), अनरिअलाइझ (डिव्हाइस बंद करणं), लीक (मेमरी गळणं) आणि यूज-आफ्टर-फ्री (परत दिलेल्या मेमरीला हात लावणं) यांनाही शब्द हवेत. सुचवा.

प्रतिसाद

‘संदर्भ’ इथे चुकीचाच. संदर्भ दिल्याने कोणी जिवंत राहत नाही. या कोडमध्ये नुसता पॉइंटर असणं वेगळं आणि रेफरन्स असणं वेगळं, आणि निम्मे बग या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात. पॉइंटर म्हणजे ऑब्जेक्ट कुठे आहे ते मला माहीत आहे. रेफरन्स म्हणजे मी सोडेपर्यंत त्याला मारायचं नाही.

रेफरन्स मोजण्याची कल्पना जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली, तीही याद्यांची मेमरी परत कधी घ्यायची या प्रश्नासाठी. म्हणजे मुळात प्रश्न हक्काचा आहे. मी ‘ताबा’ सुचवेन. ताबा घेतला, ताबा सोडला, ताब्यांची संख्या.

प्रतिसाद

‘ताबा’ अर्थाने जवळचा आहे, पण ताबा एकाकडे गेला की दुसऱ्याकडून जातो. इथे एकाच ऑब्जेक्टला पाच जण धरून बसू शकतात. मी नामाच्या नादी लागणार नाही, क्रियापदं घेईन: धरणं आणि सोडणं. त्यावरून ‘धारक’ आणि ‘धारकसंख्या’ आपसूक येतात. ‘ऑब्जेक्ट धरला पण सोडला नाही’ म्हणजे गळती. ‘न धरताच सोडला’ म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी हातातला काढून घेतला. पुढे बग शोधताना विचारायचे प्रश्न शब्दांतच तयार होतात: कोणी धरला? कुठे सोडायला हवा होता?

एक नेहमीचं उदाहरण घ्या. ऑब्जेक्ट_न्यू केलं की नवा ऑब्जेक्ट धारकसंख्या १ घेऊनच येतो, आणि तो एक धारक म्हणजे तुम्ही. मग तुम्ही त्याला ‘चाइल्ड’ प्रॉपर्टी म्हणून दुसऱ्या ऑब्जेक्टखाली टाकता. ती प्रॉपर्टी त्याला आपल्या बाजूने धरते, संख्या २. आता तुमचं काम झालं, तर तुम्ही सोडायलाच हवं. नवशिका इथेच चुकतो, कारण ‘दिला’ म्हटल्यावर आपल्या हातातून गेला असं वाटतं. गेलेला नसतो, दोघांनीही धरलेला असतो. पुढे पालक मरतो, आपला हात सोडतो, संख्या १ वर अडकते आणि तो ऑब्जेक्ट प्रोसेस संपेपर्यंत तसाच पडून राहतो.

ही चूक इतकी सर्रास व्हायची की २०२० मध्ये डिव्हाइस उभं करणं आणि आपला हात सोडणं ही दोन्ही कामं एकत्र करणारं फंक्शनच आणलं, क्यूडेव्ह_रिअलाइझ_अँड_अनरेफ. नाव लांबलचक, पण प्रामाणिक.

प्रतिसाद

धारक आणि धारकसंख्या, +१. मात्र टिपणात ‘धारक’ आल्यावर लगेच लिहा की धारक कोण हे कुठेही नोंदलेलं नसतं. फक्त आकडा असतो. संख्या ३ आहे हे दिसतं, ते तिघे कोण ते दिसत नाही. गळती शोधणं जड जातं ते यामुळेच.

धागाकर्ती

हे बरोबर आहे, घालते. आणि मालक-पालकाचं काय?

प्रतिसाद

दोन्हींना ‘मालक’ लिहिलंत तर वाचणारा नक्की खड्ड्यात जाणार. जरा विस्ताराने लिहितो, कारण क्यूईएमयूमधली सगळ्यात अवघड जागा हीच आहे.

पालक म्हणजे ऑब्जेक्टांच्या झाडात वरचा. त्याने मुलाला धरलेलं असतं. ऑब्जेक्ट_अनपेरेंट केलं की तो मुलाला झाडावरून उतरवतो आणि आपला हात सोडतो. मूल लगेच मरेलच असं नाही, दुसऱ्या कोणी धरलं असेल तर ते झाडाबाहेर जगत राहतं. उलट बाजूने, पालक शिल्लक असताना संख्या शून्यावर आली तर संपवणारं फंक्शन असर्टवर (‘हे असं असायलाच हवं’ या कोडमधल्या तपासणीवर) आपटतं. ते चांगलंच आहे, कारण एक ‘सोड’ जास्त झाली हे तिथल्या तिथे कळतं.

मालक हा शब्द मेमरी रीजनसाठी राखून ठेवा. कार्डाची रजिस्टरं (त्याला हुकूम द्यायच्या जागा) पाहुण्या यंत्राला, म्हणजे एम्युलेटरच्या आत चालणाऱ्या यंत्राला, ज्या पत्त्यांवर दिसतात, तो पट्टा म्हणजे मेमरी रीजन. हा रीजन सहसा कार्डाच्या स्ट्रक्टच्या (सी भाषेतल्या माहितीच्या गठ्ठ्याच्या) आतच बसवलेला असतो, त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते. समजा कोणी त्या रीजनलाच धरलं आणि कार्ड गेलं. रीजनची धारकसंख्या १ असेल, पण तो ज्या मेमरीत राहत होता ती कार्डाबरोबर गेलेली. आकडा बरोबर आणि माणूस ठार! म्हणून मेमरी_रीजन_रेफ हे फंक्शन रीजनला धरतच नाही, त्याच्या मालकाला धरतं. रीजन वापरात आहे तोवर अख्खं कार्ड जिवंत. रीजनमध्ये लिहिलं की चालणारं फंक्शन कार्डाच्याच बाकीच्या फील्डना हात घालणार असतं, त्यामुळे दुसरा इलाजही नाही. ज्या रीजनला मालकच नाही तो कायमचा आहे असं धरून चालतात आणि त्याची मोजदाद करत नाहीत, डीएमए (कार्डाने प्रोसेसरला मधे न घेता मेमरीत थेट लिहिणं-वाचणं) मंदावतो म्हणून.

आता बग पाहा. पाहुण्या यंत्राने डीएमए सुरू केला, ॲड्रेस_स्पेस_मॅपने रीजनमार्फत मालकाला धरलं. तेवढ्यात कार्डाच्या कोडने तो रीजन अनपेरेंट केला. रीजन आता बेवारस. डीएमए संपल्यावर ॲड्रेस_स्पेस_अनमॅप सोडायला येतं आणि विचारतं, या रीजनचा मालक कोण? उत्तर: कोणीच नाही. मग ते काहीच सोडत नाही, आणि मालकाची एक धर कायमची लटकते. पुढे कार्ड काढलं तरी ते संपत नाही. बॅकट्रेस नाही, क्रॅश नाही.

दुरुस्ती म्हणजे रीजनला मधेच अनपेरेंट न करणं. मालक मेला की त्याचे रीजन आपोआप जातात. रीजन वेगळ्या घेतलेल्या मेमरीत असेल तर ती मेमरी मोकळी करण्याआधी, तेही मालकाच्या फायनलाइजमध्ये, अनपेरेंट करायचं. तोवर सगळ्यांनी सोडलेलं असतं. अपवाद दोनच, एलियस (दुसऱ्या रीजनचा भाग दाखवणारा रीजन) आणि कंटेनर (इतर रीजन पोटात घेणारा), कारण त्यांना थेट कोणी धरत नाही.

प्रतिसाद

वरचा प्रतिसाद तसाच टिपणात टाका.

फायनलाइजला कोणीतरी ‘अंत्यविधी’ सुचवणार, त्याआधीच सांगतो, नको. गंमत एकदा येते, तिसऱ्या वाचनाला कंटाळा. ‘समाप्ती’ पुरे. पण अनरिअलाइझ आणि समाप्ती यांत फरक ठेवा. अनरिअलाइझ म्हणजे डिव्हाइस बंद झालं: पाहुण्या यंत्राला दिसेनासं झालं, टायमर थांबले. समाप्ती म्हणजे शेवटच्या धारकानेही सोडलं. मधे कितीही वेळ जाऊ शकतो.

हा फरक बाहेरूनही दिसतो. डिव्हाइस_डेल कमांड दिल्यावर पीसीआय कार्डाच्या बाबतीत आधी पाहुण्या यंत्राची संमती लागते, मग काढणं सुरू होतं, आणि ‘डिव्हाइस_डिलीटेड’ हा इव्हेंट समाप्तीच्या वेळी जातो. एक धर सुटायची राहिली की इव्हेंट येतच नाही आणि वरचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर ताटकळत बसतं. ‘कार्ड काढलं पण निघालं म्हणून कळत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी धारकसंख्याच बघतो.

जोडीला ‘इन्स्टन्स_इनिट’ची (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनची) जोड समाप्तीशी आहे आणि रिअलाइझची अनरिअलाइझशी, हेही लिहा. एखाद्या डिव्हाइसला कोणते पर्याय आहेत असं नुसतं विचारलं तरी क्यूईएमयू तो ऑब्जेक्ट बनवतो, प्रॉपर्ट्या वाचतो आणि रिअलाइझ न करताच टाकून देतो. इनिटमध्ये जे घेतलं ते समाप्तीत परत गेलं नाही, तर मदत विचारल्याबद्दल गळती!

धागाकर्ती

‘समाप्ती’ घेतला. यूज-आफ्टर-फ्रीला ‘मरणोत्तर वापर’ कसं वाटतं?

प्रतिसाद

मरणोत्तर पुरस्कार आठवतो. शिवाय ‘फ्री’ होते ती मेमरी. ‘मोकळ्या मेमरीचा वापर’ म्हणा, किंवा सरळ यूज-आफ्टर-फ्री. तपासणीची साधनं तोच शब्द छापतात, वाचणाऱ्याला तो ओळखता आलाच पाहिजे.

ॲड्रेस-सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून बिल्ड केलं की अहवालात तीन स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या याद्या) येतात: आत्ता कोणी हात लावला, मेमरी कोणी मोकळी केली, मुळात कोणी घेतली. नवखा पहिल्यावर डोळे लावून बसतो. मी मधला आधी वाचतो. मोकळं करणारा स्टॅक रास्त असेल, म्हणजे अनप्लग होऊन समाप्ती झाली असेल, तर दोष पहिल्याचा, त्याने न धरता पॉइंटर जपला. तो स्टॅक भलत्या ठिकाणचा असेल तर कुठेतरी एक सोड जास्त आहे.

न धरता जपणारे नेहमीचे संशयित म्हणजे टायमर आणि बॉटम-हाफ, ‘हे काम जरा नंतर कर’ म्हणून रांगेत टाकलेली फंक्शनं. त्यांच्याकडे डिव्हाइसचा कोरा पॉइंटर असतो, ती डिव्हाइसला धरत नाहीत. त्यांना अनरिअलाइझमध्ये रद्द केलं नाही तर कार्ड गेल्यावर रांगेतलं काम उठतं आणि रिकाम्या घरात शिरतं.

गळतीच्या बाबतीत मात्र सॅनिटायझर अर्धंच सांगतो, मेमरी कुठे घेतली तेवढंच. कोणी सोडलं नाही ते हवं असेल तर डीबगरमध्ये त्या ऑब्जेक्टच्या ‘रेफ’ फील्डवर वॉचपॉइंट (किंमत बदलली की प्रोग्राम थांबवणारी खूण) लावा आणि प्रत्येक चढ-उताराचा स्टॅक घ्या. काम कंटाळवाणं, पण हमखास.

प्रतिसाद

सगळे मोकळ्या मेमरीचे बग धारकसंख्येने सुटत नाहीत, एवढी तळटीप जोडा. सीव्हीई-२०२१-३९२९ ही नोंदलेली सुरक्षा-त्रुटी घ्या. एनव्हीएमई (डिस्कच्या) कंट्रोलरला डीएमएचा पत्ता म्हणून पाहुणं यंत्र त्याचीच रजिस्टरं देतं. कंट्रोलर स्वतःच्याच रजिस्टरात लिहितो, त्यामुळे रीसेट होतो, रीसेट आतली स्ट्रक्चरं मोकळी करतो, आणि परत आल्यावर अर्धवट राहिलेलं फंक्शन तीच वापरतं. कंट्रोलर सबंध वेळ जिवंत! त्यावरचा उपाय वेगळा: डिव्हाइस स्वतःच्या कामात असताना त्याच्याच रजिस्टरांतून पुन्हा आत येऊ द्यायचं नाही. ती रखवाली २०२३ मध्ये मेमरीच्या सामाईक कोडमध्येच आली.

धागाकर्ती

शेवटचा एक. सर्क्युलर रेफरन्स. ‘वर्तुळाकार’ शब्द मला भूमितीतला वाटतो.

प्रतिसाद

‘परस्परधर’ म्हणता येईल, पण इथे एकच जण स्वतःला धरतो असंही होतं. कार्डाचा एक कंटेनर रीजन, त्यात त्याच कार्डाचा छोटा रीजन जोडला. जोडताना छोट्याला धरायचं, म्हणजे त्याच्या मालकाला, म्हणजे कार्डाला. ती धर सुटणार कंटेनर मोडल्यावर, कंटेनर मोडणार कार्ड संपल्यावर, आणि कार्ड संपत नाही कारण ती धर आहे. मी ‘धरफास’ वापरतो, कोशात शोधू नका. सोडवायचा मार्ग असा की दोन्ही रीजनचा मालक एकच असेल तर जोडताना धरायचंच नाही.