ट्रॅकच्या पोलोचे शॉकअप: खोलून घ्यावेत का नवेच टाकावेत?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडं जुनी पोलो आहे, आता ट्रॅकसाठीच ठेवलीय (घरी कटकट आहेच, ते सोडा). चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातो, ट्रेलर नाही त्यामुळं सोलापुरातनं विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर असं चालवतच नेतो आणि चालवतच आणतो. कॉइलओव्हर (स्प्रिंगसकट येणारे, उंची बदलता येणारे शॉकअप) टाकून बरीच वर्षं झाली. आता काय व्हायलंय, सुरुवातीचे लॅप एकदम मस्त जातात पण सेशन अर्धं झालं की गाडी तरंगायली, कर्बवरनं (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) उतरली की लगेच बसत नाही, अजून एकदोनदा डोलते. पुढच्या उजव्या शॉकअपचं रिबाउंड (दांडा बाहेर येतानाचा अडसर) पूर्ण आवळलं काय आणि सोडलं काय, काहीच फरक नाही. त्याच्याच दांड्यापाशी तेलकट धूळ पण चिकटलीय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक जण म्हणायलाय भोक पाडून तेल भरतो आणि वेल्ड मारून देतो, स्वस्तात काम. काय करू? आणि किती किलोमीटरला बदलायचे असतात, काही नियम आहे का?

बे_थांब_की
वेल्ड?? का बे, जीव नको झालाय का. आत गॅस भरलेला असतोय, त्याला ड्रिल लावणाऱ्यापासनं लांबच उभा राहा.

गॅरेजकाका_सातरस्ता
किलोमीटरचा नियम रस्त्यावरच्या गाडीला ठीक आहे ओ, तोही अंदाजच. ट्रॅकच्या गाडीला तास मोजतात, रेसवाले तर सीझन संपला की खोलूनच ठेवतात, गळो न गळो. कारण तेल गळायच्या कितीतरी आधी मरतं. शॉकअपचं कामच हलण्याची ताकद उष्णतेत बदलायचं, ते तेल तापून तापून पातळ होतं, पिस्टनचा बँड झिजतो, आणि बाहेरनं सगळं कोरडं चकचकीत दिसतं. तुमचं "आधी मस्त, मग तरंगते" हे त्याचंच लक्षण आहे. ट्विनट्यूब (नळीत नळी, तेल आणि गॅस एकत्रच) असेल तर तेलाला फेस येतो म्हणून पण असंच होतं, गार झालं की परत बरं.

तेलकट धुळीचं म्हणाल तर नुसता ओलसर थर असेल तर घाबरू नका, दांडा थोडं तेल बाहेर आणतोच. पुसा, चालवा, परत बघा. ओघळ आला तर सील गेलं. दांड्यावरनं नख फिरवा, कुठं अडकलं तर क्रोमला चरा पडलाय, नवीन सील टाकूनही ते पुन्हा फाटणार. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहितीच आहे, एवढा लांबचा रस्ता चालवत नेताय म्हणजे ट्रॅकपेक्षा जास्त झीज रस्त्यावरच होत असणार, माझं तरी तेच मत.

आणि बॉनेट दाबून किती डोलते ते बघू नका. कडक स्प्रिंगच्या गाडीत त्यातनं घंटा काही कळत नाही.

शिमवाला_चाकण
काकांशी सहमत. भाऊ, आधी एक सांग, मोनोट्यूब (एकच नळी, गॅस तेलापासनं वेगळा) आहे का ट्विनट्यूब, आणि कंपनी सील, शिम (पिस्टनवरच्या पातळ चकत्या, तेल किती अडवायचं ते ठरवतात) वगैरे सुटे पार्ट देते का? सगळं त्यावरच ठरतं. कंपनीतनं येतात ते साधे शॉकअप वरनं दाबून बंद केलेले असतात, ते खोलायचे नाहीत, सरळ नवे. स्क्रूनं उघडणारे, नायट्रोजनचा व्हॉल्व्ह असलेले असतील तर रिबिल्ड (खोलून आतलं बदलून परत भरणं) केलेलाच बरा, कारण तेल आणि सील बदलताना शिम पण बदलून घेता येतात. स्प्रिंग नंतर कडक टाकल्या असशील तर जुनं व्हॉल्व्हिंग (शिमची जुळणी) त्यांना पुरत नाही, नवा सेट घेतलास तरी तेच दुखणं राहणार.

फक्त ज्याच्याकडं डायनो (शॉकअप हलवून त्याची ताकद मोजायचं मशीन) आहे त्याच्याकडंच दे. काम झाल्यावर डाव्या-उजव्याचा ग्राफ एकावर एक ठेवून दाखवायला सांग. दोन्ही थोडे नरम असले तरी चालवता येतं, पण एक नरम आणि एक कडक असला की ब्रेकला गाडी एका बाजूला खेचते. म्हणून जोडीनंच करायचं, एकटा कधीच नाही. आणि नायट्रोजन म्हटल्यावर टायरवाल्याकडं जाऊ नकोस, टायरात दोन-सव्वादोन बार असतात, मोनोट्यूबला साधारण दहा ते वीस बार लागतात.

घरी करायची टेस्ट: काढून, स्प्रिंग उतरवून, उभा धर आणि दांडा आत दाब. मोनोट्यूबचा आपोआप बाहेर यायला पाहिजे. दिशा बदलताना मध्येच मोकळं लागलं तर आत हवा आहे नाहीतर तेल कमी आहे. ट्विनट्यूब आडवा ठेवलेला असेल तर आधी चारपाच वेळा उभा धरून चालव, नाहीतर चांगला पण बाद वाटतो.

होटगीरोडकर
काढले काल. मोनोट्यूबच आहेत, व्हॉल्व्ह पण आहे. डाव्याचा दांडा सावकाश बाहेर येतो, उजव्याचा आत दाबला की आतच बसतो! चरा कुठंच नाही. मागचे दोन्ही कोरडे, दांडे नीट बाहेर येतात, त्यांना हात लावू का नको?

शिमवाला_चाकण
उजव्यातला गॅस गेला. क्रोम चांगलं असेल तर पुढचे दोन्ही बिनधास्त रिबिल्डला टाक. चरा निघाला असता आणि दांडा वेगळा मिळत नसता तर नवा सेट घे म्हणालो असतो, किंवा रिबिल्डचा खर्च नव्याच्या अर्ध्याच्या वर जायला लागला तर.

मागचे सध्या राहू दे, पण पुढच्या वेळी सेशन संपल्या संपल्या इन्फ्रारेड गननं चारीचं तापमान घे. जो जोडीदारापेक्षा बराच गार तो काम करत नाहीये. डिस्कजवळचा भाग सोडून मोज, नाहीतर ब्रेकची गरमीच मोजशील.

गॅरेजकाका_सातरस्ता
पाठवायच्या आधी रिबाउंडच्या नॉबचे क्लिक किती होते आणि कॉइलओव्हरचा कॉलर कुठल्या आट्यावर होता ते लिहून ठेवा. टॉप माउंटचं (शॉकअप वरनं बॉडीला बसतो तो भाग) बेअरिंग पण हातानं फिरवून बघा, खरखर लागली तर आत्ताच बदला, परत तेवढ्यासाठी सगळं खोलायचं म्हणजे नुसता वैताग. बसवल्यावर अलाइनमेंट करायचंच. मागच्या बुशचं (सांध्यातल्या रबराचं) काय, बघितलंत का? तरंगण्यात त्याचाही हात असतो कधीकधी.

होटगीरोडकर
बुश नाही बघितलं काका, रविवारी बघतो. एमआयडीसीवाल्याला नाही म्हणून सांगितलं, तो म्हणायलाय पोरं उगंच घाबरतात.