जुने स्पीकर बदलायचे की दुरुस्त करून तेच वापरायचे? तुमचे अनुभव लिहा

बाबांनी घेतलेले स्पीकर आहेत माझ्याकडे, तीसेक वर्षांचे असतील. लाकडी खोकी, पुढे काळं कापड, एकट्याने उचलायचं म्हटलं तर कंबर धरते. गेले काही महिने आवाजात दम वाटत नाहीये, डग्गा नुसता थपथप ऐकू येतो आणि गाणारी बाई मधोमध उभी राहायची ती आता उजवीकडे सरकल्यासारखी वाटते. बजेट तुटपुंजं आहे, नवीन घेतले तर छोटे बुकशेल्फच (फळीवर मावणारे स्पीकर) परवडतील. तर ज्यांनी घेतले, ज्यांनी नाही घेतले आणि जे घेऊन पस्तावले त्या सगळ्यांनी लिहा. कुठलं मॉडेल घेऊ हा प्रश्न नाहीये, घेऊ का हा आहे.

*

आधी स्पीकरच्या डाव्या उजव्या वायरी अँपच्या (अँप्लिफायर, स्पीकरला ताकद देणारं यंत्र) मागे अदलाबदल करा (अँप बंद करून!). बाई डावीकडे गेली तर दोष अँपमधे किंवा त्याच्याही मागे. उजवीकडेच राहिली तर स्पीकर किंवा खोली. माझ्याकडे बाई डावीकडे गेली, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर यायची तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले, बटण वीसतीस वेळा मागेपुढे फिरवलं, संपलं. त्याआधी तीन आठवडे मी नवीन स्पीकरचे रिव्ह्यू वाचत बसलो होतो हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

*

पुढची जाळी काढून बघितलीत का? वूफरच्या, म्हणजे खोक्यातल्या खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेला जी गोल पट्टी असते, सराउंड म्हणतात तिला, ती फोमची असेल तर पंधरावीस वर्षांत तिचा भुगा होतोच, वापरा नाहीतर कपाटात ठेवा. रबराची असेल तर बहुतेक वेळा टिकते. माझ्या जोडीचा फोम बोट लावलं तसा चिकट काळा चुरा होऊन हातात आला आणि मला वाटलं खेळ खल्लास. पण नुसती पट्टी मिळते, मापाची बघून घ्यायची, बाहेरचा आतला दोन्ही व्यास आधी नीट मोजायचा. मी शनिवारी सुरू केलं. जुना डिंक खरवडण्यातच अख्खा दिवस गेला, कोन (मधला हलणारा शंकू) कागदाचा असल्यामुळे घाई केली की फाटतो. मग मधली गोल टोपी ब्लेडने अलगद कापली आणि व्हॉइस कॉइलच्या (कोनाला मागे जोडलेलं तारेचं वेटोळं) भोवतीच्या फटीत कागदाच्या पट्ट्या खोचल्या म्हणजे कॉइल बरोबर मधे राहते, मग नवीन पट्टी चिकटवली आणि रात्रभर हात लावला नाही. पहिल्या स्पीकरला पट्ट्या एकाच बाजूला जास्त झाल्या, कोन दाबला की आतून खर्र आवाज, म्हणजे कॉइल घासतेय. परत उघडला. दुसरा मात्र एका फटक्यात जमला. आज सहा वर्षं झाली चालू आहेत, नवीन जोडीच्या मानाने खर्च किरकोळ. वेळ मात्र हिशोबात धरू नका.

*

मी पस्तावलेल्यांपैकी. मोठे जुने विकले आणि छोटे, दिसायला सुंदर बुकशेल्फ घेतले. जुन्यांची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला किती मोठा वाजतो ते) ९० डेसिबल होती, नव्यांची ८४, मला वाटलं सहाचा फरक म्हणजे काय मोठंसं. तर दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे तेवढाच आवाज यायला चौपट. माझा बिचारा म्हातारा अँप, त्याला पिळून पिळून आवाज काढायचा म्हणून बटण कायम शेवटाकडे, आणि तो क्लिप व्हायला लागला, म्हणजे ताकद संपून आवाज फाटायला लागला. एका पार्टीत उजवा ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) जळाला. मग अँपही नवीन घ्यावा लागला. म्हणजे स्पीकर अपग्रेड कधी एकटा येत नाही, पाहुणे घेऊन येतो. छोट्यांचा आवाज गोड आहे हे मान्य, बायकांचे आवाज आणि सतार तर फारच छान, पण मोठ्या खोक्यातला जो एक भरीवपणा होता तो नाही तो नाहीच.

*

आमच्याकडे स्पीकर बिघडले नव्हतेच, घर बदललं होतं. जुन्या घरी ते भिंतीला लागून कोपऱ्यात होते, नव्या घरी मी शहाणपणा करून खोलीच्या मधे आणले कारण तसं वाचलं होतं. भिंत आणि कोपरा बेस वाढवतात, तो आधार गेला आणि नवरा म्हणायला लागला की स्पीकर म्हातारे झाले. परत भिंतीकडे थोडे थोडे सरकवत नेले, एकाच गाण्यावर, जमिनीला खडूच्या खुणा करत. समोर उघडी भिंत होती तिथे पुस्तकांचं कपाट आणलं. आणि हो, शिफ्टिंगमधे एका बाजूची प्लस मायनस उलटी लागली होती हे महिन्याने कळलं, त्यात तर बेस पार नाहीसा होतो आणि आवाज मधे न येता कुठूनही येतो. दीड व्होल्टचा साधा सेल वायरींना क्षणभर टेकवून बघा, दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत.

*

सगळे दुरुस्त करा म्हणतायत म्हणून दुसरी बाजू. माझे जुने म्हणजे एका म्युझिक सिस्टिमबरोबर आलेली खोकी, आत पातळ फळी, कागदी ट्वीटर आणि क्रॉसओव्हरच्या (वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणारं सर्किट) नावाने एक कपॅसिटर. तोही मी बदलला, हौस. (बदलताना नॉन-पोलर, म्हणजे प्लस मायनस नसलेला, घ्या बरं का, त्याच मायक्रोफॅरडचा, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.) जरा उजळले, बास. सेकंडहँड चांगली जोडी घरी आणून लावली तर पाच मिनिटांत निकाल. जे मुळात चांगलं होतं तेच दुरुस्त करण्यात अर्थ आहे.

*

तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा एवढंच सांगतो, मोबाईलवरच्या मीटरने चालेल. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, दुकानात असेच फसतो आपण. आणि माझ्याबाबतीत तर ट्वीटर मेला म्हणून मी ओरडत होतो आणि मुलीला सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं. माझी साठी उलटली आहे, वरचे सूर कानच सोडून देतात. कानाचा कपॅसिटर कुठे मिळत नाही.

*

वरच्यांना जोडून. यामाहाचे एनएस-१० नावाचे स्पीकर १९७८ मधे घरासाठी म्हणून आले, पुढे स्टुडिओंमधे जाऊन बसले, आणि तिथे लोक ट्वीटर फार टोचतो म्हणून त्यावर टिश्यू पेपर लावायचे. माझ्या तीक्ष्ण वाटणाऱ्या जोडीला मी पातळ फडका लावला आणि अपग्रेडचा विचार दोन वर्षं पुढे ढकलला.

*

धागाकर्ता परत आलोय. वायरी बदलल्या, बाई उजवीकडेच राहिली. जाळी काढली तर डाव्या वूफरचा फोम खालून हातभर नाही पण चांगला बोटभर फाटलेला, उजवाही तडकायच्या बेतात. शिवाय डाव्या ट्वीटरला कान लावला तर उजव्यापेक्षा मंद वाटतोय, तो कपॅसिटर असेल का हे बघायला खोकं उघडावं लागेल. तूर्त नवीन घेत नाही. फोमच्या पट्ट्या मागवल्यात, आतला बाहेरचा व्यास तीनतीनदा मोजून. ज्यांनी कागदाच्या पट्ट्या खोचल्या त्यांनी एवढं सांगा, साध्या वहीचा कागद चालतो की जाड लागतो, आणि किती पट्ट्या? शनिवारी बसणार आहे.