डेअरडेव्हिल : थकणारा नायक

मार्व्हलच्या 'डेअरडेव्हिल' मालिकेतल्या पहिल्या सीझनच्या (२०१५) दुसऱ्या भागातली ती इमारतीच्या बोळातली मारामारी "संथ आणि लांबलेली" वाटली, हिरो असा धापा टाकतो का, असं एका प्रेक्षकाने म्हटलंय. मला नेमकं तेच आवडलं! मॅट, म्हणजे डेअरडेव्हिल, आधीच जबर जखमी आहे, क्लेअर नावाच्या नर्सने त्याला कसाबसा उभा केलाय. तरी पळवून नेलेल्या पोरासाठी तो एकटा गुंडांच्या अड्ड्यात शिरतो. जवळपास तीन मिनिटं कट जाणवत नाही. कॅमेरा बोळातच थांबतो, खोल्यांतली हाणामारी नुसती ऐकू येते, मध्येच दारातून मायक्रोवेव्ह उडत बाहेर येतो. पडलेले गुंड पुन्हा उठतात आणि हा भिंतीला टेकून श्वास घेतो. एरवी एका ठोशात आडवे होणारे गुंड बघून कंटाळा आला होता हो.

शिवाय याच भागात त्याच्या बॉक्सर बापाची गोष्ट आहे. लहानगा मॅट बापाच्या चेहऱ्यावरची जखम टाके घालून शिवतो. मार खाऊन पुन्हा उभं राहणं त्याने तिथेच पाहिलंय. तो धागा धरून ती मारामारी परत बघा, आणि कशी वाटली ते जरूर लिहा.