जुन्या गाडीच्या एसीवर खर्च करावा का?

गोरेगावकर (धागाकर्ता)

आमच्याकडे २०१० सालची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर फिटनेस तपासणी करून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले. इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा यांबद्दल तक्रार नाही. एसी मात्र मार्चपासून गार हवा देत नाही. गॅरेजवाल्याने कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) आणि कूलिंग कॉईल (आतली हवा गार करणारी जाळी) दोन्ही बदलायला सांगितले असून, गॅस आणि मजुरी धरून ३२,००० रुपये मागितले आहेत. गाडी विकायला काढली तर ८०,००० रुपयांच्या वर कोणी देईल असे वाटत नाही, त्यामुळे ‘एवढ्या जुन्या गाडीवर एवढा पैसा कशाला’ असे घरात एकमताने ठरले आहे. एकमतात मी नाही.

मुंबईत एसीची खरी गरज मे महिन्यापेक्षा जुलैमध्ये भासते, असे माझे मत आहे. काचा बंद, आत चार माणसे, ओल्या छत्र्या आणि भिजलेले कपडे अशा स्थितीत पुढची काच पाहता पाहता धुरकट होते. एसी चालू असला की हवेतील बाष्पाचे कूलिंग कॉईलवर पाणी होऊन ते नळीवाटे खाली गळते आणि काचेवर कोरडी हवा येते. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) संध्याकाळच्या गर्दीत, एका हाताने फडके मारत गाडी चालवणे मला मान्य नाही. शिवाय या खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करणेच चुकीचे आहे. तुलना करायची तर ती दुसरी गाडी घेतल्यावर सुरू होणाऱ्या हप्त्यांशी आणि विम्याशी करावी.

चौकस

आपला हिशेब अर्धाच आहे, कारण या वयाच्या गाडीत ३२,००० रुपये हा शेवटचा खर्च नसतो. कॉम्प्रेसर नवा बसवला की जुने होज (गॅसच्या नळ्या), जुने ओ-रिंग (सांध्यांतली रबरी कडी) आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने पांढरी पूड धरलेला कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) यांच्यावर पुन्हा पूर्ण दाब येतो, आणि जो सांधा सर्वांत कमकुवत असेल तो पुढच्या उन्हाळ्याआधी गळू लागतो. त्यातच आपली नोंदणी २०३० मध्ये संपेल. वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून ५,००० वरून १०,००० रुपये झाले आहे, आणि पर्यावरण कर वेगळाच. म्हणजे हा एसी आपल्याला फार तर चार-पाच वर्षे वापरायचा आहे.

काचेचे म्हणाल, तर बाहेरची हवा आत घेणारा खटका उघडावा, हीटर थोडा चालू करून हवेचा झोत काचेवर वळवावा. काच गरम झाली की धुके विरते. ज्या पद्मिनी टॅक्सींना ऑक्टोबर २०२३ मध्ये आपण निरोप दिला, त्यांतल्या बहुतेकींनी असंख्य पावसाळे एसीविना काढले. (त्यांच्या पुढच्या दारांना असलेली ती तिकोनी फिरती काच आजच्या गाड्यांत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती जराशी तिरकी केली की वारा थेट छातीवर येत असे.)

गोरेगावकर

चौकस साहेब, हीटरचा उपाय मी जाणतो आणि तो चालतोही. परंतु दमट पावसाळी हवेत हीटर लावून अंधेरी ते मुलुंड जाऊन पाहा. काच स्वच्छ राहते, चालक मात्र घामाने चिंब होतो. माझ्या शेजारी बहुतेक वेळा माझी पंचाहत्तरीची आई बसलेली असते. पद्मिनीतल्या उतारूंना दुसरा पर्यायच नव्हता, त्यामुळे तो पुरावा मी मानत नाही.

बोनेट_उघडा

दोघेही ३२,००० हा आकडा गृहीत धरून भांडत आहात, पण नेमके काय बिघडले आहे हे अजून कोणी तपासलेले दिसत नाही. गाडी धावत असताना गारवा येतो आणि सिग्नलला थांबल्यावर जातो, असे होत असेल तर दोष बहुधा कंडेन्सरच्या पंख्याचा किंवा कंडेन्सरवर साचलेल्या धुळीचा असतो, आणि ते काम तुलनेने किरकोळ आहे. एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग) ‘टक्’ असा आवाज करून लागत नसेल, तरी कॉम्प्रेसर गेला असे लगेच म्हणता येत नाही, कारण गॅस कमी झाला की प्रेशर स्विच क्लचला वीजच पोचू देत नाही.

गळती शोधण्याची पद्धत साधी आहे. गॅसबरोबर तेलही बाहेर येते, त्यामुळे गळक्या सांध्यावर चिकट, काळपट धूळ बसलेली दिसते. बोनेट उघडून होजच्या टोकांशी आणि कंडेन्सरच्या कोपऱ्यांशी टॉर्च मारून पाहा. तिथे काही नसेल तर नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून तासभरात दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली येतो का ते बघायला सांगा. कूलिंग कॉईल डॅशबोर्डच्या आत असते, म्हणून ती बदलायची वेळ शेवटी यावी, आधी नव्हे. काही लहान गाड्यांत ती ग्लोव्ह बॉक्स काढून बाहेर येते. पण जिथे संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तिथे नंतर प्लॅस्टिकची जी खडखड सुरू होते ती गाडी विकेपर्यंत थांबत नाही.

आणखी एक. सिस्टिम उघडली की रिसीव्हर-ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवा टाकावा आणि गॅस भरण्यापूर्वी निदान अर्धा तास व्हॅक्यूम करावा, म्हणजे आतली हवा पंपाने खेचून काढावी. भर पावसात नळ्या दोन दिवस उघड्या ठेवल्या, तर आत शिरलेली दमट हवा तेलात मिसळून नवा कॉम्प्रेसरही खराब करते.

सुमती_दादर

मी चौकस यांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. हे मोठे काम टाळून बहुतेक लोक शेवटी दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेतात, आणि तो काही महिन्यांत पुन्हा उडून जातो. या गाड्यांतील आर-१३४ए वायू ओझोनला घातक नसला, तरी शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. गाडीत ५०० ग्रॅम गॅस मावतो असे धरले, तर तो पूर्ण गळणे म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. नीट दुरुस्ती करणार नसाल तर एसी बंदच ठेवावा, आणि उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला एसी लोकलने जावे. आईंना पायऱ्या चढवत नसतील, तर मात्र माझे म्हणणे लंगडे पडते, हे मान्य.

चौकस

बोनेट_उघडा यांचे शास्त्र बरोबर आहे, पण आपल्याकडे व्यवहार तसा होत नाही. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला नायट्रोजन लावत नाही. तो गॅस मारतो, पैसे घेतो आणि ‘चालवून बघा’ म्हणतो. जिथे तपासणी होते, तिथे डॅशबोर्ड उघडल्यानंतर यादी वाढत जाते, आणि तेव्हा ग्राहकाला माघार घेता येत नाही.

गोरेगावकर

सकाळी टॉर्च घेऊन पाहिले. कंडेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, नळी जोडली आहे तिथे, बोटाला तेल लागले. क्लच लागत नाही. बोनेट_उघडा यांच्या म्हणण्याप्रमाणे हा दोष कंडेन्सरचा असू शकतो आणि कॉम्प्रेसर कदाचित शाबूत असेल. शनिवारी दुसऱ्या ठिकाणी दाबाची तपासणी करून घेतो. १५,००० रुपयांच्या आत भागले तर दुरुस्ती करणार, हे घरी सांगून ठेवले आहे.

बोनेट_उघडा

कॉम्प्रेसर आतून घासून त्याचा चुरा पुढे गेला असेल, तर कंडेन्सरही बदलावाच लागतो, कारण त्याच्या बारीक नळ्या फ्लश करून पूर्ण साफ होत नाहीत. सांध्यातून निघालेले तेल काळे आहे की स्वच्छ, तेवढे शनिवारी पाहून घ्या.

चौकस

तो १५,००० चा आकडा घरी सांगितलात तसा गॅरेजवाल्याकडून जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या. आणि ‘कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना कॉम्प्रेसर निम्म्यात मिळतो’ असे कोणी सुचवले, तर तो बसवल्यानंतर किती दिवसांची हमी देणार हे आधी विचारा.