मृणालताई गोरे: मोर्च्यांच्या पलीकडे काय सांगावं?

नवी_पालवी:
आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यावर दहा मिनिटं बोलायचंय. जिथे बघावं तिथे ‘पाणीवाली बाई’ आणि लाटणं मोर्चा, एवढंच सापडतं. नगरसेविका म्हणून त्यांचं काम कसं होतं? जुन्या गोरेगावकरांनी प्रकाश टाकावा.

आरेरोडकर:
वयाने सत्तरीला टेकलेय, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते. :)

ताई मूळच्या मोहिले. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून चळवळीत आल्या आणि केशव गोऱ्यांशी लग्न केलं. १९५८ मध्ये ते गेले. मुलगी लहान. १९६१ला प्रजासमाजवादी पक्षातर्फे मुंबई महापालिकेत निवडून आल्या. गोरेगाव महापालिकेत आलं तेच मुळी १९५७ मध्ये, त्याआधी ग्रामपंचायत होती. म्हणजे गाव मुंबईत, पण नळ कुठायत?

आमच्या चाळीत एक नळ, तोही पहाटे करंगळीएवढा यायचा. बायांचं भांडण नंबरावरून सुरू व्हायचं आणि सासूच्या माहेरापर्यंत जायचं. ताईंनी हे भांडण उचलून महापालिकेच्या दारात नेलं, असं आई म्हणायची. आईच्या मते त्यांची खरी ताकद घोषणेत नव्हती. बाई वस्तीत यायची, पायरीवर बसायची, ‘पाणी किती वाजता येतं, किती हंडे भरतात’ विचारायची आणि ते सगळं घेऊन साहेबांपुढे उभी राहायची. झोपडीवाल्यालाही पाणी मिळालंच पाहिजे हे त्यांनी लावून धरलं. आज हे सोपं वाटतं, तेव्हा नव्हतं.

१९७२च्या महागाईत आई थाळी-लाटणं घेऊन गेली होती. कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरही होत्या. थाळीला इतके पोचे आले की पुढे तिच्यात फक्त कांदे-बटाटे ठेवत. त्याच वर्षी ताई आमदार झाल्या.

बोरिवली_लोकल:
+१. आणीबाणीतला तुरुंगवास विसरू नका. १९७७ला उत्तर मुंबईतून खासदार झाल्या तेव्हाची घोषणा आमच्या वडिलांना तोंडपाठ होती: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ (दिल्लीवाली म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी.) भाषणात टाळ्या हमखास.

नवी_पालवी:
वा! @आरेरोडकर, घरांचं काय? दिंडोशीला काहीतरी होतं ना?

आरेरोडकर:
नागरी निवारा परिषद. समाजवादी नेते बाबूराव सामंत सोबत होते. शहरात कोणी किती जमीन ठेवावी यावर मर्यादा घालणाऱ्या कमाल जमीन धारणा कायद्याखालची जागा गरीब-मध्यमवर्गीयांच्या घरांसाठी मिळावी म्हणून कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली, पण घरं उभी राहिली. मला विचाराल तर दहातली चार मिनिटं त्यालाच द्या. मोर्चा सगळ्यांना माहीत आहे. कागदांची लढाई कोणी सांगत नाही. गोरेगावातच केशव गोरे स्मारक आहे, तिथे चक्कर टाका.

नवी_पालवी:
मनापासून आभार काकू. रविवारी जातेय स्मारकात. थाळीचा किस्सा वापरला तर चालेल ना?

आरेरोडकर:
खुशाल वापर. नाव मात्र घेऊ नकोस.